गावाचा विकास आराखडा माहितीच्या पायावर कसा उभा करावा

महाराष्ट्रात सुमारे 28 हजार ग्रामपंचायती आहेत आणि त्यांपैकी प्रत्येकीला दरवर्षी आपल्या गावाचा विकास आराखडा तयार करून त्याला ग्रामसभेची मंजुरी घ्यावी लागते. 'आमचा गाव, आमचा विकास' या नावाने हा उपक्रम राज्यात 2015 पासून चालू आहे. तरीही पुष्कळ ठिकाणी आराखडा म्हणजे मागील वर्षाच्या यादीत घातलेली चार कामांची भर असते: एखादा सभामंडप, दोन गल्ल्यांचे काँक्रिटीकरण, पेव्हर ब्लॉक आणि प्रवेशद्वाराची कमान. गावाला आपल्या गरजा पुरेपूर ठाऊक असतात. परंतु आराखडा लिहायला बसण्याच्या वेळी गावाच्या नोंदी, हाती येणाऱ्या निधीचा अंदाज आणि शासनाचे ताजे निर्णय या तीन गोष्टी एकाच टेबलावर आलेल्या नसतात, आणि मग जे सुचते ते लिहिले जाते. या तीन गोष्टी कशा मिळवाव्यात आणि त्यांतून आराखडा कसा बांधावा, हे सरपंच, सदस्य, ग्रामपंचायत अधिकारी (ज्यांना गावात अजूनही ग्रामसेवक किंवा भाऊसाहेब म्हणतात) आणि गावाच्या कामात रस असलेले नागरिक यांच्यासाठी येथे मांडले आहे.

आधी गट, मग वही

आराखड्याची प्रक्रिया 2 ऑक्टोबरच्या ग्रामसभेपासून वेग घेते, परंतु माहितीचे काम त्याआधी दोन-तीन महिने सुरू झाले पाहिजे. त्यासाठी आठ-दहा जणांचा एक गट करावा. अंगणवाडी सेविका, आशा स्वयंसेविका, शाळेतील एक शिक्षक, पाणीपुरवठा कर्मचारी, रोजगार सेवक (रोजगार हमीची कामे पाहणारा), बचत गटाच्या दोन महिला, एक-दोन शिकलेले तरुण आणि गावाच्या सगळ्या वस्त्यांतून किमान एक माणूस त्यात असावा. गट केवळ एका आळीचा किंवा एका पॅनेलचा झाला, तर त्याने आणलेल्या आकड्यांवर पुढे कोणी विश्वास ठेवत नाही. शासनाच्या मार्गदर्शक सूचनांमध्ये गावपातळीवरील संसाधन गटाची तरतूद आहेच. तो कागदावर न ठेवता खरोखर कामाला लावायचा आहे.

गडचिरोली जिल्ह्यातील धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) या गावाचा अनुभव येथे उपयोगी पडतो. सामूहिक वनहक्क, म्हणजे गावाच्या जंगलावरचे एकत्रित कायदेशीर हक्क, 2009 मध्ये मिळवणारे हे गाव 'आमच्या गावात आम्हीच सरकार' या घोषणेमुळे सर्वांना माहीत आहे, पण त्या घोषणेमागे गावात नियमित भरणारा अभ्यास गट होता, याकडे कमी लोकांचे लक्ष जाते. कायदा काय म्हणतो, जंगलात काय आहे, कोणाला काय विचारावे याची चर्चा अभ्यास गटात होत असे आणि निर्णय ग्रामसभेत, सर्वसहमतीने. चर्चेची जागा आणि निर्णयाची जागा अशी वेगळी ठेवली, की ग्रामसभेत आरडाओरडा कमी होतो आणि निर्णय टिकतात, असे माझे ठाम मत आहे.

गटाने पहिल्या दिवशी एक जाड वही घालावी आणि तिला गावाची माहिती वही म्हणावे. संगणकावर ठेवली तरी चालेल, पण एक छापील प्रत ग्रामपंचायतीत कोणालाही पाहता येईल अशी असावी. प्रत्येक नोंदीपुढे तीन गोष्टी लिहाव्यात: आकडा, तो कोणत्या दप्तरातून घेतला, आणि कोणत्या तारखेचा आहे. स्रोत आणि तारीख नसलेला आकडा वहीत घेऊच नये.

गावातच पडून असलेल्या नोंदी

माहिती म्हटले की आपण तालुक्याकडे पाहतो, परंतु निम्म्याहून अधिक माहिती गावातच असते. अंगणवाडीत बालकांच्या वजनाच्या आणि उंचीच्या नोंदी असतात, त्यांवरून कुपोषित मुले कोणत्या वस्तीत अधिक आहेत हे दिसते. आशा स्वयंसेविकेकडे कुटुंबनिहाय नोंदी असतात. गरोदर माता, लसीकरण, दीर्घ आजाराचे रुग्ण यांची संख्या तेथून मिळते. व्यक्तींची नावे व आजार वहीत कदापि उतरवू नयेत, फक्त वस्तीनिहाय संख्या घ्यावी. शाळेने यू-डायस या शासनाच्या शालेय माहिती प्रणालीसाठी भरलेल्या माहितीत वर्गखोल्या, स्वच्छतागृहे, पाणी, वीज यांची स्थिती असते. ग्रामपंचायतीचा नमुना 8 म्हणजे कर आकारणीची नोंदवही आणि नमुना 9 म्हणजे कर मागणीची नोंदवही. गावात घरे किती, पक्की किती, कर थकला किती हे या दोन वह्यांतून समजते. तलाठ्यांकडे (आताचे ग्राम महसूल अधिकारी) सातबारा, गायरान आणि ई-पीक पाहणीतील पिकांचे क्षेत्र मिळते.

बाहेरून आणायच्या नोंदींमध्ये जिल्हा जनगणना पुस्तिका आणि मिशन अंत्योदय सर्वेक्षण (गावातील सुविधांची केंद्र सरकारची पाहणी) या दोन महत्त्वाच्या आहेत. जनगणनेचे गावनिहाय आकडे 2011 चे आहेत, म्हणून ते तुलनेसाठी वापरावेत, आजची लोकसंख्या म्हणून नव्हे. मिशन अंत्योदयमध्ये आपल्याच गावाने भरलेली माहिती असते आणि ती तपासणे फार आवश्यक आहे, कारण घाईत 'सुविधा उपलब्ध आहे' असे भरले गेले असेल, तर आराखड्यात त्या सुविधेची मागणी करताना तोच आकडा आपल्या विरुद्ध उभा राहतो.

यानंतर शिवार फेरी काढावी. नकाशा हातात घेऊन सगळ्या वस्त्या, पाणंद रस्ते, ओढे, विहिरी, बंधारे पायी पाहावेत आणि जेथे कागद व प्रत्यक्ष स्थिती जुळत नाही तेथे खूण करावी. हातपंप नोंदीत चालू आणि प्रत्यक्षात तीन वर्षे बंद, असे प्रकार फेरीतच सापडतात. फेरी उन्हाळ्याच्या शेवटी एकदा आणि पावसाळ्यात एकदा निघाली तर उत्तम. पाण्याचे व चिखलाचे प्रश्न वेगवेगळ्या ऋतूंत वेगळे दिसतात.

पाण्याचा हिशोब

माहिती वहीतील सर्वांत मोलाचे पान पाण्याचे असते, म्हणून त्याबद्दल थोडे विस्ताराने. एक मिलिमीटर पाऊस एक हेक्टर जमिनीवर पडला, की 10 हजार लिटर पाणी पडते, इतके एक सूत्र लक्षात ठेवले तरी गावाचा ताळेबंद मांडता येतो. समजा गावाचे क्षेत्र 1,000 हेक्टर आहे आणि पाऊस 500 मिलिमीटर झाला, तर शिवारात एकूण 500 कोटी लिटर पाणी पडले. त्यातले पुष्कळसे बाष्प होऊन जाते, काही ओढ्याने वाहून जाते आणि उरलेले मातीत व भूगर्भात मुरते. आता दुसरी बाजू पाहू. जलजीवन मिशनच्या निकषाप्रमाणे माणशी दररोज 55 लिटर धरले, तर 1,500 लोकवस्तीच्या गावाला वर्षाला सुमारे 3 कोटी लिटर पाणी लागते. पडणाऱ्या पाण्यापुढे पिण्याच्या पाण्याची गरज किती लहान आहे हे या दोन आकड्यांवरून स्पष्ट होते, आणि एवढे असूनही उन्हाळ्यात टँकर येत असेल, तर प्रश्न पाणी साठवण्याचा, मुरवण्याचा आणि पिकांच्या निवडीचा आहे, हे ग्रामसभेला कोणी भाषण न करता पटते.

अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजारने नेमके हेच केले. पोपटराव पवार यांच्या नेतृत्वाखाली या गावाने पावसाची नोंद आणि भूजलाची पातळी पाहून दरवर्षी पाण्याचा ताळेबंद ग्रामसभेत मांडण्याची रीत घातली आणि त्यावरून कोणती पिके घ्यायची हे ठरवले. पाऊस कमी झाला तर जास्त पाणी पिणारी पिके घ्यायची नाहीत, हा निर्णय गावाने स्वतःवर घालून घेतला. आपल्या गावात लगेच तितकी शिस्त येणार नाही, पण ताळेबंद मांडायला कोणाची परवानगी लागत नाही. पावसाचे आकडे महसूल मंडळनिहाय मिळतात. भूजलाच्या पातळीसाठी भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या जिल्हा कार्यालयाकडे निरीक्षण विहिरींच्या नोंदी असतात. जवळपास निरीक्षण विहीर नसेल, तर गावातील पाच-सहा विहिरी निवडून दर महिन्याला दोरीने पाण्याची खोली मोजावी आणि वहीत लिहावी. पिण्याच्या पाण्याच्या स्रोतांची तपासणी करून ग्रामपंचायतींना हिरवे, पिवळे किंवा लाल कार्ड दिले जाते. आपल्या गावाला कोणते कार्ड मिळाले आणि का, हेही याच पानावर नोंदवावे.

निधी कोठून येतो

निधीचा अंदाज बांधताना आधी स्वतःच्या उत्पन्नाकडे पाहावे. घरपट्टी, पाणीपट्टी, दिवाबत्ती कर, आरोग्य कर, बाजार फी, गाळ्यांचे भाडे यांची मागील तीन वर्षांची मागणी आणि प्रत्यक्ष वसुली शेजारी शेजारी लिहावी. स्वउत्पन्नातून 15 टक्के रक्कम मागासवर्गीयांच्या कल्याणासाठी, 10 टक्के महिला व बालकल्याणासाठी आणि 5 टक्के दिव्यांगांसाठी खर्च करायची असते, हे अंदाजपत्रकात आधीच वेगळे काढावे; मार्चमध्ये घाईघाईने सतरंज्या आणि भांडी घेऊन ही रक्कम संपवण्याची वेळ येऊ नये. वसुली कमी असेल, तर दंडाच्या नोटिशीपेक्षा कर भरल्याचा लाभ दिसणे अधिक उपयोगी ठरते. छत्रपती संभाजीनगरजवळच्या पाटोदा ग्रामपंचायतीने भास्करराव पेरे पाटील यांच्या काळात पूर्ण कर भरणाऱ्या कुटुंबाला दळण मोफत देण्याची योजना राबवली आणि तिची चर्चा राज्यभर झाली.

दुसरा मोठा स्रोत केंद्रीय वित्त आयोगाच्या शिफारशीने येणाऱ्या निधीचा. 15 व्या वित्त आयोगाच्या 2021 ते 2026 या काळात महाराष्ट्रात या निधीचा 80 टक्के वाटा ग्रामपंचायतींना आणि प्रत्येकी 10 टक्के वाटा पंचायत समिती व जिल्हा परिषदेला असे वाटप होते. त्यात 60 टक्के निधी बंधित होता, म्हणजे निम्मा पिण्याच्या पाण्यासाठी आणि निम्मा स्वच्छतेसाठी. उरलेला 40 टक्के अबंधित निधी स्थानिक गरजेप्रमाणे वापरता येत असे, मात्र पगार व आस्थापनेवर खर्च करता येत नसे. एखाद्या गावाला वर्षाला 10 लाख मिळाले असे मानले, तर 3 लाख पाण्याला, 3 लाख स्वच्छतेला आणि 4 लाख इतर कामांना, असा त्याचा हिशोब होता. 16 व्या आयोगाचा काळ 1 एप्रिल 2026 पासूनचा आहे. आयोग बदलला की प्रमाण, अटी आणि पात्रता बदलू शकतात, त्यामुळे जुन्या सवयीने आकडे न टाकता चालू वर्षाचा ग्रामविकास विभागाचा आदेश समोर ठेवूनच रकाने भरावेत. लेखे वेळेवर ऑनलाइन न भरल्यामुळे निधी अडकण्याचा प्रसंग टाळायचा असेल, तर लेखापरीक्षणातील प्रलंबित मुद्द्यांची यादीही वहीत असावी.

तिसरा गट जिल्ह्याच्या आणि राज्याच्या योजनांचा. जनसुविधा, नागरी सुविधा, अनुसूचित जाती व नवबौद्ध वस्त्यांचा विकास, ठक्कर बाप्पा आदिवासी वस्ती सुधारणा, तांडा वस्ती सुधारणा, ग्रामविकास विभागाचे 2515 लेखाशीर्ष (अंदाजपत्रकातील खर्चाचे क्रमांकित शीर्ष), जिल्हा परिषदेचा सेस (उपकर), आमदार व खासदार निधी, अशी ही रांग आहे. यांतला बराचसा निधी जिल्हा वार्षिक योजनेतून येतो. पालकमंत्री अध्यक्ष आणि जिल्हाधिकारी सदस्य सचिव असलेली जिल्हा नियोजन समिती त्या योजनेचे प्रारूप आर्थिक वर्ष सुरू होण्यापूर्वी ठरवते. म्हणून एप्रिलनंतर प्रस्ताव घेऊन जाणाऱ्या गावाला बहुधा पुढच्या वर्षाची वाट पाहावी लागते. पेसा, म्हणजे आदिवासी भागांतील ग्रामसभांना विशेष अधिकार देणारा कायदा, जेथे लागू आहे तेथील ग्रामपंचायतींना आदिवासी उपयोजनेतील 5 टक्के अबंध निधीही मिळतो. तेथे पाडा किंवा वाडी स्वतंत्र गाव म्हणून घोषित झाली असेल, तर तिची स्वतंत्र ग्रामसभा आणि स्वतंत्र कोष यांचा विचार आराखड्यात वेगळा करावा लागतो.

एकाच कामासाठी दोन-तीन निधींची सांगड घालता येते आणि ती घालावी. पाझर तलावातील गाळ काढणे, त्या गाळाने पडीक जमीन सुधारणे, बांधावर झाडे लावणे आणि खाली विहीर पुनर्भरण करणे ही चार कामे चार योजनांतून होऊ शकतात, पण ती आराखड्यात एकमेकांशी जोडून लिहिली तरच मंजुरीच्या वेळी त्यांचा क्रम टिकतो. मात्र एकाच मोजमापाचे पैसे दोन योजनांतून दाखवणे हा गैरव्यवहार आहे, आणि तो अजाणतेपणी होऊ नये म्हणून प्रत्येक कामापुढे कोणता भाग कोणत्या निधीतून, हे आधीच लिहिलेले असावे.

बातमी आणि शासन निर्णय

तालुक्यातून कोणीतरी सांगितले म्हणून योजना कळते, आणि तोवर मुदत संपलेली असते, हे चित्र बदलण्यासाठी गटातील एका व्यक्तीकडे केवळ बातमीचे काम द्यावे. आठवड्यातून एकदा महाराष्ट्र शासनाच्या शासन निर्णयांच्या संकेतस्थळावर जाऊन ग्रामविकास, पाणीपुरवठा व स्वच्छता, मृद व जलसंधारण, सामाजिक न्याय, आदिवासी विकास आणि नियोजन या विभागांचे नवे निर्णय पाहावेत. वृत्तपत्रांच्या जिल्हा पानांतून नियोजन समितीच्या बैठकांच्या बातम्या व निविदांच्या जाहिराती कापून ठेवाव्यात. समाजमाध्यमावर फिरणाऱ्या योजनेवर मात्र तिचा शासन निर्णय हाती येईपर्यंत एकही अर्ज भरू नये; प्रत्येक निर्णयावर संगणक संकेतांक असतो आणि त्यावरून तो खरा की बनावट हे काही मिनिटांत तपासता येते.

निर्णय वाचण्याचीही एक पद्धत आहे. वरच्या 'वाचा' किंवा 'संदर्भ' या भागात आधीच्या निर्णयांची यादी असते. नवा निर्णय बहुतेक वेळा जुन्यात दुरुस्ती करणारा असतो, त्यामुळे मूळ निर्णय वाचल्याशिवाय अर्थ पूर्ण होत नाही. प्रस्तावनेत हेतू कळतो, पण हक्क आणि अटी 'शासन निर्णय' या शीर्षकाखालीच असतात. पात्र कोण, प्रस्ताव कोणी कोणाकडे पाठवायचा, मंजुरीचे अधिकार कोणाचे, लोकवर्गणी आहे का, खर्च कोणत्या लेखाशीर्षाखाली आणि सहपत्रात कोणते नमुने दिले आहेत, या सहा प्रश्नांची उत्तरे वहीत एका पानावर उतरवावीत. नंतर शुद्धिपत्रक निघाले आहे का, हेही पाहावे.

माहिती मिळत नसेल, तर माहिती अधिकाराचा मार्ग आहे. सार्वजनिक प्राधिकरणाने आपणहून प्रसिद्ध करायच्या बाबी या कायद्याच्या कलम 4 मध्ये आहेत, म्हणून प्रथम त्यांचा हवाला देऊन साध्या पत्राने मागणी करावी. अर्ज करावाच लागला, तर महाराष्ट्राच्या नियमांप्रमाणे तो एका विषयाचा आणि 150 शब्दांच्या आत असावा. सर्वसाधारणपणे 30 दिवसांत उत्तर अपेक्षित असते.

सभा, प्राधान्य आणि मंजुरी

वही तयार झाल्यावर तिच्यातील निवडक आकडे मोठ्या अक्षरांत लिहून ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लावावेत आणि मग सभा घ्याव्यात. ग्रामसभेपूर्वी महिलांची सभा घेणे कायद्याने बंधनकारक आहे. ती खरी व्हावी, यासाठी वेळ महिलांना विचारून ठरवावी; दुपारी शेतात काम असताना बोलावलेली सभा सह्यांपुरतीच होते. बालसभा आणि वंचित घटकांच्या वस्तीत जाऊन घेतलेली बैठक यांतून असे प्रश्न पुढे येतात, जे मोठ्या सभेत कोणी उच्चारत नाही: शाळेच्या स्वच्छतागृहाला कडी नाही, स्मशानभूमीची वाट अडवलेली आहे, रेशन दुकानापर्यंत दिव्यांग माणसाला पोहोचता येत नाही.

ग्रामसभेची सूचना सात दिवस आधी द्यावी आणि दवंडीबरोबर ती प्रत्येक वस्तीतही लावावी. गणपूर्तीसाठी एकूण मतदारांच्या 15 टक्के किंवा 100, यांपैकी जी संख्या कमी असेल तेवढी उपस्थिती लागते. प्राधान्य ठरवताना हात वर करून मोजणी केली, तर मोठी वस्ती नेहमी जिंकते. त्याऐवजी प्रत्येक कामाला चार कसोट्यांवर गुण द्यावेत: किती लोकांना लाभ, त्यांत वंचित किती, काम न झाल्यास नुकसान किती, आणि दरवर्षी देखभालीचा खर्च कोण करणार. चौथी कसोटी बहुतेक आराखड्यांत नसते आणि म्हणूनच पाणी शुद्धीकरण यंत्रे, सौर दिवे, व्यायामशाळा दोन वर्षांत बंद पडतात. आराखड्यासाठी शासनाने ठरवलेल्या शाश्वत विकासाच्या नऊ संकल्पनांपैकी, जसे जलसमृद्ध गाव, बालस्नेही गाव, महिलास्नेही गाव, निवड करताना वहीतील आकडे जेथे सर्वांत बोलके आहेत तीच घ्यावी.

निवडलेल्या कामांसाठी जागेची कागदपत्रे आधी पाहावीत. जागा खासगी असेल तर नोंदणीकृत बक्षीसपत्र, गायरान असेल तर महसूल विभागाची परवानगी. त्यानंतर कनिष्ठ अभियंत्याकडून चालू दरसूचीनुसार अंदाजपत्रक करून घ्यावे. तालुक्याच्या तांत्रिक छाननीतून दुरुस्त्या आल्या तर त्या ग्रामसभेपुढे ठेवाव्यात आणि मगच आराखडा ई-ग्रामस्वराज या पंचायतींच्या ऑनलाइन प्रणालीवर भरावा. भरलेला आराखडा कोणाही नागरिकाला तेथे पाहता येतो. ग्रामसभेच्या इतिवृत्तातील यादी आणि प्रणालीवरील यादी एकसारखी आहे का, हे गटाने त्याच आठवड्यात तपासावे, कारण बदल झाला असेल तर तो सुरुवातीलाच दुरुस्त करणे सोपे असते.

मंजुरीनंतर वहीत प्रत्येक कामासाठी एक पान उघडावे आणि त्यावर प्रशासकीय मान्यता, तांत्रिक मान्यता, कार्यारंभ आदेश, मोजमाप पुस्तिकेतील नोंदी, दिलेली देयके आणि पूर्णत्वाचा दाखला यांच्या तारखा लिहीत जावे. कामाच्या जागी रक्कम, निधीचा स्रोत आणि कंत्राटदाराचे नाव असलेला फलक लावून घ्यावा. 26 जानेवारी, 1 मे, 15 ऑगस्ट आणि 2 ऑक्टोबर या दिवशी गावोगावी ग्रामसभा घेण्याची प्रथा आहे. त्या प्रत्येक सभेत ही पाने वाचून दाखवावीत, आणि जे काम दोन सभांमध्ये एक पाऊलही पुढे सरकले नाही, त्याचे कारण व पुढची तारीख इतिवृत्तात लिहून घेतल्याशिवाय पुढचा विषय घेऊ नये.